टॉप-बेसची भिंत आणि हरवलेला माईक

एप्रिल लागला की नांदेड-लातूरकडे डीजेची चर्चा सुरू होते. चौदा एप्रिलची भीमजयंती, पाठोपाठ बसवेश्वर जयंती, मग लग्नसराई, एक ऑगस्टला अण्णाभाऊ साठे, पुढे गणपती आणि देवी. शांतता समितीच्या बैठका भरतात, ठाण्यातून नोटिसा निघतात, डॉक्टर मंडळी कानांविषयी आणि हृदयाविषयी कळकळीने सांगतात. सुशिक्षित घरांच्या गॅलरीतून एक वाक्य हमखास ऐकू येते : याला काय संगीत म्हणायचं? आवाजाचा त्रास खरा आहे, त्याबद्दल पुढे लिहिणारच आहे. पण हा प्रश्न बहुधा उत्तर ठरवूनच विचारला जातो. तो एकदा मनापासून विचारून पाहावा असे मला वाटते. टॉप-बेस स्पीकरची भिंत हे वाद्य आहे का? असेल तर ते कुणाच्या गरजेतून आले? आणि त्या वाद्यावर आपण जे वाजवतो, त्यात आपले काय आहे?

जगात एका ठिकाणी हे प्रश्न सत्तर वर्षांपूर्वी उभे राहिले आणि त्यांची उत्तरे तिथल्या संगीताने दिली. दुसऱ्या महायुद्धानंतर जमैकाच्या किंग्स्टन शहरात वाद्यवृंद होते, पण ते हॉटेलांत आणि क्लबांत वाजत. गरीब वस्तीला ते परवडत नव्हते. तेव्हा टॉम वाँग नावाच्या एका हार्डवेअरच्या दुकानदाराने मोठे स्पीकर उघड्या अंगणात मांडून रेकॉर्डी वाजवायला सुरुवात केली. त्याला ॲम्प्लिफायर बनवून देणारा हेडली जोन्स हा युद्धात ब्रिटिश हवाई दलात रडारचे काम शिकून आलेला तंत्रज्ञ होता. पुढे कॉक्सन डॉड, ड्यूक रीड यांच्या अशाच साउंड सिस्टिम निघाल्या आणि त्यांच्यात चुरस लागली. कुणाचा बेस जड, कुणाकडे दुसऱ्या कुणाकडेच नसलेली रेकॉर्ड, कुणाचा माईकवाला हजरजबाबी, यावर गर्दी इकडची तिकडे होई. आपल्याकडच्या कलगी-तुऱ्याच्या फडात जी ईर्ष्या असे, तीच इथे स्पीकरच्या आडून चाले.

२२ जून १९४८ रोजी ‘एम्पायर विंडरश’ हे जहाज इंग्लंडमध्ये टिलबरीला लागले आणि कॅरिबियन माणसांचे तिकडचे मोठे स्थलांतर सुरू झाले. इंग्लंडला कामगार हवे होते, शेजारी नको होते. भाड्याची खोली मिळत नसे, अनेक पबांत आणि नाचघरांत काळ्या माणसाला दारातूनच परत पाठवले जाई. सार्वजनिक ठिकाणी असा भेदभाव करण्याला बंदी घालणारा कायदा तिथे १९६५ साली आला. त्याच्या दहा वर्षे आधीच ड्यूक विन नावाच्या जमैकन तरुणाने लंडनच्या लॅडब्रोक ग्रोव्ह भागात आपली साउंड सिस्टिम उभी केली होती. घरांच्या तळघरांत, रिकाम्या खोल्यांत शनिवारची रात्र साजरी होऊ लागली. रेडिओ त्यांची गाणी वाजवत नव्हता, दुकाने ठेवत नव्हती. म्हणून प्रसारण, दुकान, सभागृह आणि वर्तमानपत्र या चारही गोष्टींचे काम त्या लाकडी खोक्यांवर आले.

इथे किंग टबीचे नाव घ्यायलाच हवे, कारण या सगळ्या गोष्टीतला कळीचा शोध त्याच्याशी जोडलेला आहे. टबी हा किंग्स्टनमधला रेडिओ दुरुस्त करणारा, ट्रान्सफॉर्मर गुंडाळणारा कारागीर. साठच्या दशकाच्या अखेरीला तिथे गाण्याचा आवाज काढून टाकून नुसता ताल आणि बेस ठेवलेली आवृत्ती वाजवण्याची चाल पडली. टबीने मिक्सरवर बसून तीच आवृत्ती उलगडली. मधूनच बेस बंद करायचा, ढोलाचा एक ठोका घुमवत ठेवायचा, गायकाचा अर्धा शब्द येऊन विरून जाऊ द्यायचा आणि मग बेस परत आणायचा. याला डब म्हणतात. मिक्सरवर बसलेला माणूस इथे पहिल्यांदा रचनाकार झाला. दुसरी गोष्टही तितकीच महत्त्वाची. गायकाचा आवाज काढल्यामुळे जी जागा मोकळी झाली, तिच्यात माईकवाला बोलू लागला. वस्तीतली बातमी, पोलिसांची धाड, महागाई, टिंगल, देवाचे नाव, सगळे त्या मोकळ्या जागेत आले.

ब्रिटनमध्ये जन्मलेल्या पुढच्या पिढीचे कान या तळघरांत तयार झाले. त्यांनी जमैकाचा रेगे नुसता पुढे वाजवला असता तर ती एक स्थलांतरितांची आठवण होऊन राहिली असती. ब्रिस्टलमध्ये ‘वाइल्ड बंच’ या साउंड सिस्टिममधून ‘मॅसिव्ह ॲटॅक’ निघाले. नव्वदीच्या सुरुवातीला लंडनमध्ये ‘जंगल’ नावाचे संगीत आले. त्यात ढोलांची गती मिनिटाला १६० ठोक्यांच्या घरात आणि खाली बेस मात्र तिच्या निम्म्या चालीने, रेगेच्या शांतपणाने चाललेला. तरुण वेगात नाचू शकत, थकलेला माणूस त्याच गाण्यावर सावकाश डुलू शके. २००० नंतर दक्षिण लंडनच्या क्रॉयडन भागात एका रेकॉर्डच्या दुकानाभोवती जमलेल्या पोरांनी डबस्टेप घडवले. त्यांचे ‘डीएमझेड’ नावाचे जलसे २००५ पासून ब्रिक्स्टनमध्ये होऊ लागले. ही पोरे नवे गाणे तयार झाले की आधी एकच प्रत कापून घेत आणि गर्दीपुढे भिंतीवर वाजवून बघत. गाणे बरे की वाईट हे अंगाला कळत असे. पन्नास हर्ट्‌झच्या ध्वनिलहरीची लांबी सुमारे सात मीटर असते. तो सूर छातीला, पोटाला, पायाखालच्या फळीला लागतो. ब्रिटनच्या बेस संगीताची सगळी घडण या अनुभवावर बेतलेली आहे.

त्याची किंमतही त्यांनी मोजली. डेनिस बोव्हेल हा बार्बाडोसमध्ये जन्मलेला, लंडनमध्ये वाढलेला संगीतकार १९७४ साली क्रिकलवुडच्या एका क्लबमध्ये आपली साउंड सिस्टिम चालवत असताना पोलिसांची धाड पडली. चिथावणीच्या आरोपाखाली त्याला शिक्षा झाली. सहा महिने तुरुंगात काढल्यावर अपिलात तो सुटला. याच बोव्हेलने पुढे ब्रिटिश रेगेतले सर्वांत हळुवार संगीत केले. लंडनमधल्या कॅरिबियन लोकांच्या नॉटिंग हिल कार्निव्हलमध्ये १९७६ साली पोलीस आणि काळे तरुण यांच्यात मोठी दंगल झाली. १९९४ च्या फौजदारी कायद्यात तर एकामागून एक येणाऱ्या ठोक्यांच्या संगीताची व्याख्या करून पोलिसांना उघड्यावरचे जलसे थांबवण्याचे अधिकार दिले गेले. ज्यांच्याकडे जागा नाही त्यांचा आवाज सत्तेला नेहमी गोंगाट वाटतो, हे लंडनला खरे आहे आणि लातूरलाही.

मराठवाड्यात आवाजाचा हक्क हा मुळापासून जातीचा प्रश्न आहे. हलगी कुणी वाजवायची हे गावाने ठरवून दिले होते. ती मातंगाच्या हातात, पण वाजायची दुसऱ्याच्या दारात : वरातीपुढे, देवीपुढे, दवंडीला, मेलेल्या माणसापुढे. वाजवणाऱ्याला सणाच्या दिवशीही पंगतीच्या कडेला बसावे लागे. महारांनी डॉ. आंबेडकरांच्या सांगण्यावरून गावकीची कामे सोडली, त्यात वाजवणेही आले, आणि अनेक गावांनी त्यांच्यावर बहिष्कार टाकला. स्वतःच्या नवरदेवाची वरात वाजत-गाजत मुख्य रस्त्याने नेणे हा गुन्हा मानला जाण्याचा काळ फार जुना नाही. आपल्यासाठी, आपल्या माणसाच्या नावाने, आपण ठरवलेल्या रस्त्यावर वाजवणे ही इथे मिळवावी लागलेली गोष्ट आहे.

ती मिळवताना गाण्याची एक मोठी परंपरा उभी राहिली. भीमराव कर्डकांचे आंबेडकरी जलसे, त्यानंतर वामनदादा कर्डक, प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप. गावोगाव रात्रभर चालणाऱ्या गायन पार्ट्या. एका पार्टीने सवाल टाकायचा, दुसरीने जबाब द्यायचा, पहाट होईस्तोवर. कव्वालीचा ठेका, ढोलकी, पेटी, आणि समोर माईक. लाउडस्पीकर बहुधा आहुजाचा, लिंबाच्या फांदीला बांधलेले दोन भोंगे. १९७८ च्या जुलैमध्ये विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला आणि त्यानंतर पेटलेल्या हिंसाचारात नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीचे पोचीराम कांबळे मारले गेले. १९९३ च्या नोव्हेंबरात नांदेडमध्येच गौतम वाघमारे यांनी नामांतरासाठी स्वतःला पेटवून घेतले. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला. मधल्या सोळा वर्षांत ही चळवळ ज्या माणसांनी वस्तीवस्तीत जिवंत ठेवली, त्यांत कार्यकर्त्यांइतकेच गायक होते. बातमी छापून येण्याआधी गाण्यात येत असे.

मग कॅसेट आली. आनंद आणि मिलिंद शिंदे यांचे आवाज एस.टी. स्टँडवरच्या टपऱ्यांपासून ऊसतोडीच्या कोप्यांपर्यंत पोहोचले. कॅसेटमागून सीडी, पेनड्राइव्ह, यूट्यूब. आणि भोंग्यांच्या जागी हळूहळू ही भिंत आली.

तिच्याकडे जरा जवळून बघू. लातूरच्या जयंतीत आंबेडकर पार्काकडे निघालेल्या मिरवणुकीत आयशरच्या हौद्यावर खाली अठरा इंची स्पीकरचे बेस आणि वर टॉप रचलेले असतात. अठरा मिलिमीटर जाड प्लायचे खोके, आतून पट्ट्यांनी आवळलेले, बाहेरून काळा खरबरीत रंग आणि पुढे लोखंडी जाळी. ते पुष्कळदा जवळपासच्याच सुताराने बांधलेले असतात, कुठल्यातरी परदेशी खोक्याची मापे मोबाइलवर बघून. मागच्या टेम्पोत जनरेटर. गाडीपुढे एक पोरगा लांब बांबू घेऊन चालतो आणि रस्त्यावरच्या विजेच्या तारा वर उचलून धरतो. त्याच्या जिवाची काळजी कुणी घेतलेली मला कधी दिसली नाही. भिंतीच्या पाठीमागे, जिथे कुणाचे लक्ष नसते, तिथे ऑपरेटर बसतो. बाहेर चाळीसच्या वर पारा, ॲम्प्लिफायर तापलेले, त्यांच्यावर टेबलफॅन लावलेला. चौकात गाडी आली की तो बेस काढून घेतो. नुसती हलगी कडकडत राहते. हजार हात वर जातात, सगळे वाट बघतात, आणि तो बेस सोडतो. दुकानांची शटर थरथरतात.

हा बेस काढून परत देण्याचा खेळ किंग टबीचा आहे. तो इथवर कसा आला याचा माग अवघड नाही. जमैकातून लंडनला, तिथे डबस्टेपमध्ये, २०१० च्या सुमारास डबस्टेपचा तो धक्का अमेरिकी ईडीएमने उचलला, तिथून हिंदी रिमिक्समध्ये आणि तिथून आपल्या ‘साउंड चेक’ आणि ‘हलगी मिक्स’मध्ये. एका वंचित समाजाने शोधलेली युक्ती अर्ध्या पृथ्वीला वळसा घालून दुसऱ्या वंचित समाजाच्या हाती आली, आणि दोघांना एकमेकांचा पत्ता नाही. मला ही गोष्ट आपल्या काळातल्या संगीताच्या इतिहासातली एक मोठी गोष्ट वाटते.

त्यात इथल्या पोरांनी स्वतःचेही घातले आहे. हलगी मिक्स घ्या. ज्या वाद्याची लाज वाटायला लावली गेली, ते वाद्य लॅपटॉपवर तुकड्यातुकड्याने कापून, खाली अठरा इंची बेस देऊन ही मुले मिरवणुकीच्या मधोमध आणतात. आता ती हलगी कुणाच्या दारात बोलावल्यावर वाजत नाही. जुन्या पुस्तकी अर्थाने संगीत न शिकलेली ही मुले भाड्याच्या खोलीत फुकट मिळालेल्या सॉफ्टवेअरवर रात्र-रात्र बसतात. गाण्यात मधूनमधून त्यांचे नाव ओरडलेले ऐकू येते, कारण सही करायची दुसरी जागा त्यांना नाही. एकतारीवर भीमगीते गाणाऱ्या कडुबाई खरात मोबाइलमुळे घराघरांत पोहोचल्या, तेव्हा त्यांच्या आवाजाभोवती सगळ्यात आधी ठेका बांधायला धावली ती हीच मुले. आपल्या संगीत महाविद्यालयांना ही मुले ठाऊक नाहीत.

म्हणून ‘याला काय संगीत म्हणायचं’ या प्रश्नाला माझे उत्तर स्पष्ट आहे. भिंत हे वाद्य आहे, ऑपरेटर वादक आहे आणि लॅपटॉपवर बसलेला पोरगा रचनाकार आहे. पण हे मान्य केले की लगेच त्यांच्याकडे वादकाकडे करावी तशी मागणी करता येते, आणि माझी मागणी मोठी आहे.

जमैकाने आणि लंडनने गायकाचा आवाज काढून जी जागा मोकळी केली, ती माईकसाठी होती. आपण ती मोकळी केली आणि तशीच मोकळी सोडली. गायन पार्टीतला सवाल-जबाब संपला, शाहीर गाडीवरून खाली उतरला, आणि भिंतीजवळ बोलणारे कुणी राहिले नाही. आज मिरवणुकीत एका गाडीसमोर दुसरी गाडी उभी करून ‘फेस टू फेस’ होते तेव्हा ठरते काय, तर कुणाचा आवाज मोठा. किंग्स्टनच्या चुरशीत आवाज लागायचाच, पण त्याबरोबर नवी रेकॉर्ड लागायची आणि माईकवर बोलायला डोके लागायचे. वामनदादांच्या काळी समोरच्या पार्टीला शब्दात गाठावे लागे. भीमजयंतीच्या मिरवणुकीत यंदाच्या शिष्यवृत्तीचे काय झाले, कोणत्या गावात बहिष्कार पडला, कुणाची नोकरभरती अडकली, यातले एक वाक्यही भिंतीतून बाहेर येत नसेल तर इतक्या मोठ्या आवाजात आपण काय सांगितले? भीमगीताचा रिमिक्स करताना अंतरे गाळून नुसते धृपद फिरवत ठेवण्याची जी रीत पडली आहे, तिच्यात गाण्याचा विचारच गळून जातो. हे नुकसान वाजवणाऱ्यांनीच ओळखले पाहिजे, आणि त्यांच्यातल्या जाणत्यांना ते कळते असा माझा विश्वास आहे.

आता आवाजाच्या त्रासाबद्दल. पंच्याऐंशी डेसिबलचा आवाज आठ तास सहन करता येतो, त्यापुढे दर तीन डेसिबलला ही वेळ निम्म्यावर येते. शंभर डेसिबलला ती पंधरा मिनिटे उरते. भिंतीसमोर चार-चार तास नाचणाऱ्या मुलांचे कान जातात, आणि ती मुले वस्तीतलीच असतात. रुग्णालयात पडलेला, परीक्षेला बसलेला, तान्हे लेकरू असलेला माणूसही त्याच वस्तीत राहतो. इथे हक्काची भाषा वापरून चालणार नाही. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. ती मोजणारी पट्टी मात्र माणसाच्या कानाच्या संवेदनेवर बेतलेली आहे, आणि तिच्यात पन्नास हर्ट्‌झचा सूर प्रत्यक्षापेक्षा सुमारे तीस डेसिबलने कमी धरला जातो. म्हणजे ज्या बेसने खिडक्या हलतात तो यंत्रावर थोडाच दिसतो आणि चिरकणारा टॉप पूर्ण दिसतो. कानाला इजाही प्रामुख्याने त्या टॉपमुळेच होते. चांगली साउंड सिस्टिम बांधणाऱ्याला हे माहीत असते. तो टॉप मवाळ ठेवतो आणि वजन बेसला देतो. आपल्याकडे टॉप फाटेस्तोवर चढवतात, कारण कुणी शिकवलेले नाही आणि स्पर्धा आवाजाचीच आहे.

पण मोजमाप करायचे तर सगळ्यांचे करावे लागेल. वर्षभर वाजणाऱ्या वराती, विजयी मिरवणुका, नेत्यांचे वाढदिवस यांच्याकडे काणाडोळा करायचा आणि एप्रिलमध्ये यंत्र घेऊन वस्तीच्या तोंडाशी उभे राहायचे, याला नियम म्हणत नाहीत. नांदेडलगतच्या बोंढार हवेलीत जून २०२३ च्या सुरुवातीला, गावात एका लग्नाची वरात चाललेली असताना, एका आंबेडकरी तरुणाचा खून झाला. भीमजयंती साजरी केल्याचा राग त्यामागे होता असे त्याच्या घरच्यांचे म्हणणे आहे. रस्ता कुणाचा आणि आवाज कुणाचा हा झगडा संपला आहे असे ज्यांना वाटते त्यांनी हे गाव लक्षात ठेवावे.

नॉटिंग हिलचा अनुभव इथे उपयोगी पडेल. १९७३ साली लेस्ली पामर या त्रिनिदादच्या शिक्षकाने कार्निव्हलमध्ये ठरलेल्या जागी उभ्या राहणाऱ्या साउंड सिस्टिम आणल्या. मिरवणूक चालत राहते, भिंती आपापल्या कोपऱ्यावर उभ्या असतात, लोक एकीकडून दुसरीकडे जातात, आणि हल्ली संध्याकाळी सात वाजता भिंती बंद होतात. दंगली, बंदीच्या मागण्या, पोलिसांचा विरोध यांतून ही पद्धत टिकली. नांदेडला आणि लातूरला महापालिका आहे, मैदाने आहेत. मिरवणूक हलगी, ढोल आणि पायांवर चालू द्या. भिंती रुग्णालयांपासून दूर ठरलेल्या मैदानांत, ठरलेल्या वेळी, दोन गाड्यांत पुरेसे अंतर ठेवून उभ्या करा, आणि प्रत्येक भिंतीपुढे एक माईक असावा अशी अट घाला. त्या माईकवर शाहीर येईल, रॅप करणारा पोरगा येईल, कॉलेजातली मुलगी येईल. ही अट जयंती मंडळांनी स्वतः घालून घेतली तर सर्वांत चांगले. पोलिसांनी घातली तर तिचा अर्थ बदलेल.

शेवटची विनंती नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाला आहे. हे विद्यापीठ नामविस्ताराच्याच वर्षी, १९९४ साली, नांदेड, लातूर, परभणी या भागासाठी स्थापन झाले. या जिल्ह्यांतल्या गायन पार्ट्यांचे म्हातारे गायक अजून आहेत, भोंग्यांच्या काळातले लाउडस्पीकरवाले आहेत, पहिले बेस बांधणारे सुतार आहेत, हलगी मिक्स करणारी मुले तर ऐन जोमात आहेत. त्यांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित करा, जुन्या कॅसेटी बुरशी लागण्याआधी गोळा करा, खोक्यांची मापे आणि मिक्सच्या फाइली जपून ठेवा. किंग्स्टन आणि लंडनमधले हे काम पुष्कळ उशिरा सुरू झाले आणि तोवर अनेक जण निघून गेले होते. आपल्याकडे ते या एप्रिलपासून सुरू करता येईल.